थंडीचे दिवस आणि गव्हाची जनुके

(धुळे येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी वर्गापेक्षा बांधावर अधिक रमले. कोणत्याही वाणाला चांगले म्हणण्याआधी ते कुठे पेरले होते आणि कोणत्या तारखेला पेरले होते, हे विचारायला त्यांनी आमच्या पिढीला शिकवले. आजचे माझे सारे बोलणे त्या दोन प्रश्नांभोवतीच आहे.

विद्यार्थी मला नेहमी विचारतात की गव्हाचे उत्पादन वाढवणारे जनुक कोणते? प्रश्न स्वाभाविक आहे. तांबेरा रोगाला अडवणारे जनुक असते, रोप ठेंगणे करणारे जनुक असते, मग उत्पादनाचेही असेलच, असे वाटते. तसे एकच जनुक नाही. शेकडो जनुके आपापला थोडा थोडा वाटा उचलतात, आणि त्यांतले कोणते कामाला येईल हे त्या गावची थंडी किती दिवस टिकते यावर ठरते. खानदेशात गव्हाचे उत्पादन अडते ते वेळेपाशी. म्हणून इथला गहू इथल्या उशिराच्या पेरणीत आणि इथल्या उन्हातच पारखला पाहिजे, हे मला आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

एका चौकटीतला हिशेब

ओंब्या पिवळ्या पडल्या की शेतात मीटरभर लांब आणि मीटरभर रुंद अशी चौकट टाका. तिच्यातल्या ओंब्या मोजा. दहा-वीस ओंब्या चोळून प्रत्येकीत सरासरी किती दाणे भरतात ते पाहा. मग हजार दाणे मोजून तराजूत टाका. समजा ओंब्या ४०० निघाल्या, ओंबीत ३० दाणे आणि हजार दाण्यांचे वजन ४० ग्रॅम. म्हणजे चौकटीत १२,००० दाणे, त्यांचे वजन ४८० ग्रॅम. हेक्टरी ४८ क्विंटल, एकरी साडेएकोणीसच्या आसपास.

आता हाच गहू कपाशी उपटून डिसेंबर निम्मा सरल्यावर पेरला, असे धरा. फुटवे कमी झाले, ओंब्या ३०० राहिल्या. ओंबीत दाणे २८ आले. मार्चच्या उन्हात दाणा चिमला, हजारी वजन ३४ ग्रॅमवर आले. गुणाकार करा. हेक्टरी साडेअठ्ठावीस क्विंटल, एकरी साडेअकरा. तिन्ही आकड्यांपैकी एकही अर्ध्यावर आलेला नाही, तरी पीक चाळीस टक्क्यांनी घटले. गुणाकारात थोडी थोडी घटही एकमेकींना वाढवत नेते.

हे तीन आकडे रोप तीन वेगळ्या वेळी ठरवते. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात, तिथपासून फुटव्यांचा हिशेब सुरू होतो. ओंबीत किती दाणे धरायचे हे ओंबी पोटरीत दिसण्याआधीच, कांड्याच्या आत ठरू लागते. निसवल्यावर आणि फुलोऱ्यानंतर उरते ते दाणा भरण्याचे काम. यांतल्या प्रत्येक टप्प्यावर वेगळी जनुके राबतात. शिवाय त्यांचे आपसात जमतेच असे नाही. ओंब्या वाढल्या की ओंबीतले दाणे कमी होतात, दाणे वाढले की दाणा बारीक होतो. एका जागी मिळवलेले दुसऱ्या जागी हरवते. पैदासकाराची बरीचशी हयात ही हरवणूक कमी करण्यात जाते.

लाल दाणा आणि चौसष्टातला एक

थोड्या थोड्या वाट्याची ही आनुवंशिकता प्रथम गव्हानेच शिकवली. स्वीडनमधल्या स्वालॉफ येथे निल्सन-एले या शास्त्रज्ञाने लाल दाण्याच्या आणि पांढऱ्या दाण्याच्या गव्हाचा संकर केला. मेंडेलच्या साध्या हिशेबाने दुसऱ्या पिढीत चारातले एक रोप पांढऱ्या दाण्याचे यायला हवे. काही संकरांत ते चौसष्टातले एक आले. त्याने १९०९ मध्ये दाखवले की एकच रंग तीन स्वतंत्र जनुके मिळून घडवतात आणि तिन्ही एकदम निष्क्रिय झाली तरच दाणा पांढरा होतो. उंची, वजन, उत्पादन अशा मोजून सांगायच्या गुणांचे कोडे या प्रयोगाने सुटू लागले.

भारतीय बाजारपेठेचा या तीन जनुकांशी थेट संबंध आला. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन ठेंगण्या गव्हाचे बियाणे देशात आले. त्यातले लेर्मा रोहो आणि सोनोरा ६४ हे वाण शेतात जोमदार होते, पण त्यांचा दाणा लाल होता. पोळीला पिवळसर, चकाकणारा दाणा मागणाऱ्या आपल्या घरांनी आणि बाजाराने लाल दाण्याला हवा तो भाव दिला नाही. आपल्या पैदासकारांनी मेक्सिकोच्या साहित्यातूनच कल्याणसोना आणि सोनालिका हे अंबर दाण्याचे वाण निवडले. डॉ. स्वामिनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅमा किरणांच्या साह्याने सोनोरा ६४ पासून अंबर दाण्याचा शरबती सोनोरा मिळवला.

आता रंगावरून उत्पादनाकडे या. तीन जनुकांसाठी चौसष्टातले एक रोप. दहा जनुकांची हवी ती जोडी एकाच रोपात यायची तर दुसऱ्या पिढीत दहा लाख अठ्ठेचाळीस हजारांतले एक. आणि उत्पादनावर परिणाम करणारी जनुके दहांहून कितीतरी जास्त आहेत. ते एक रोप शेतात असले तरी डोळ्यांनी ओळखू येत नाही, कारण शेजारच्या रोपाला पाणी जास्त मिळाले असेल तर तेच अधिक भरदार दिसेल. म्हणून पैदासकार पिढ्यान्‌पिढ्या निवड करतो, चांगल्यांचा पुन्हा संकर करतो, आणि एक वाण प्रसारित व्हायला दहा-बारा वर्षे लागतात.

ठेंगण्या गव्हाने काय बदलले

उत्पादनाने एकदम मोठी उडी मारली ती उंचीच्या जनुकांमुळे. जपानमध्ये गोंजिरो इनाझुका यांनी घडवलेला नोरिन १० हा गहू १९३५ मध्ये प्रसारित झाला. १९४६ मध्ये त्याचे बियाणे अमेरिकेत गेले, तिथे ऑर्व्हिल व्होगेल यांनी ते संकरात वापरले आणि त्यांच्याकडून ते मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्या हाती आले. नोरिन १० मध्ये ठेंगणेपणाची दोन जनुके होती. शास्त्रीय भाषेत त्यांना आरएचटी म्हणतात. जिबरेलिन हे संप्रेरक रोपाला वाढायला सांगते. ही जनुके असलेले रोप ते सांगणे पुरेसे ऐकत नाही. त्याचे कांडे आखूड राहते.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. या जनुकांनी रोपाला जादा ताकद दिली नाही. विहिरीचे पाणी तेवढेच ठेवून बारे दुसऱ्या वाफ्यात वळवावे, तसे झाले. जे अन्न काडात जात होते ते वाढत्या ओंबीकडे वळले, जास्त फुले टिकली, जास्त दाणे धरले. जुन्या उंच वाणांत जमिनीवरच्या एकूण वजनापैकी साधारण तिसरा हिस्सा दाण्याचा असे. ठेंगण्या वाणांत तो निम्म्याच्या जवळ गेला. शिवाय खत-पाणी वाढवले तरी गहू लोळेना.

पण खानदेशात गहू काही १९६६ नंतर आला नाही. पांझरेच्या काठी बंधारे बांधून फड पद्धतीने पाणी वाटणाऱ्या गावांत तो पिढ्यान्‌पिढ्या होता. तापीच्या काळ्या जमिनीत बन्सी हा जुना गहू जिरायतीवर यायचा. पावसाळा संपला की वरची माती सुकते, ओल खाली जाते. आपले आजोबा पाभरीने बी खोलवर, ओलीत सोडत. तेवढ्या खोलीवरून कोंब वर यायचा तर त्याचे आवरण लांब असावे लागते. नोरिनची जनुके कांड्याबरोबर हे आवरणही आखूड करतात. म्हणून बागायतीत वरदान ठरलेले जनुक खोल पेरणीच्या जिरायतीत अडचणीचे ठरते. एकाच जनुकाची किंमत दोन शेतांत दोन प्रकारची होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी आरएचटी १४ आणि आरएचटी १८ या पर्यायी ठेंगण्या जनुकांचे गुणसूत्रावरील स्थान निश्चित केले आहे. या जनुकांनी रोप ठेंगणे होते आणि कोंबाचे आवरण मात्र लांब राहते. जिरायत गव्हासाठी हे काम मला फार मोलाचे वाटते.

खानदेशाचे घड्याळ

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. गव्हाचे रोप कॅलेंडरचे दिवस मोजत नाही, ते ऊब मोजते. हवा थंड असेल तर एकेक अवस्था सावकाश पार पडते, पाने अधिक दिवस हिरवी राहतात, सूर्यप्रकाश अधिक दिवस दाण्यात साठतो. हवा तापली की तीच अवस्था घाईने उरकते. न्यूझीलंडमध्ये २०२० साली एका शेतकऱ्याने हेक्टरी १७४ क्विंटल गहू काढून जागतिक विक्रम केला. तो गहू एप्रिलमध्ये पेरला होता आणि पुढच्या फेब्रुवारीत कापला. दहा महिने. तिथला हिवाळी गहू जळगावात पेरला तर विक्रम सोडा, तो वेळेत ओंबीसुद्धा काढणार नाही, कारण फुलण्याआधी दीर्घ थंडी मागणारी जनुके त्याच्या अंगात आहेत. आपल्या वाणांत ती मागणी नसते. पीपीडी-डी१ या जनुकाचे जे रूप त्यांच्यात असते त्यामुळे लहान दिवसांतही ते फुलोऱ्यावर येतात. म्हणजे उत्पादनाचा पाया रचतात ती जनुके मुळात वेळ ठरवणारी असतात.

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, थंडी खरी असते. पण ती लवकर पाठ फिरवते. मार्चमध्ये दुपार चाळिशीकडे धावते. शिफारस केलेली बागायती पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातली. त्यानंतरच्या प्रत्येक पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल घट, असा ठोकताळा कृषी विद्यापीठाच्या शिफारशींत असतो. तरी शेतकरी उशीर करतो, कारण शेतात कपाशी उभी असते. वेचणी चालू असताना पीक उपटणे कोणाला परवडते? कोणी फरदड, म्हणजे वेचणीनंतरही तीच कपाशी पुढे ठेवतो, तिथे तर गव्हाची वेळ निघूनच जाते. म्हणून खानदेशात गव्हाचे उत्पादन कपाशीचा वाण किती दिवसांत मोकळा होतो यावरही ठरते. दोन पिकांचे पैदासकार वेगवेगळ्या दालनांत बसतात, पण शेत एकच असते.

उशिराच्या गव्हाला उन्हाचा फटका नेमका कुठे बसतो, हे जवळून पाहण्यासारखे आहे. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, चीक निवळत ठेवणाऱ्या आपल्या माता-भगिनींना ठाऊक असते की भरदार दाण्याला चीक जास्त पडतो आणि चिमलेल्या गव्हाचा चोथाच हाती येतो. तो चीक म्हणजे पिष्ट. दाण्याच्या वजनात त्याचा वाटा साधारण दोन तृतीयांश. पानातून आलेल्या साखरेचे पिष्टात रूपांतर करणारे स्टार्च सिंथेज नावाचे विकर आहे. तापमान तिशीच्या पुढे गेले की त्याचे काम मंदावते. साखर ओंबीपर्यंत पोचते, तिचे पिष्ट मात्र पुरेसे होत नाही. त्यातच भरणीचे दिवसही कमी होतात. दाणा सुरकुततो तो असा दुहेरी माराने.

यावर जनुकांचा उपाय दोन बाजूंनी येतो. एक, लवकर निसवणारा आणि भरभर दाणा भरणारा गहू. गुजरातमधल्या सणोसरा येथील लोकभारती संस्थेचा लोक-१ आपल्याकडे इतका टिकला तो लवकर पक्वता आणि ठसठशीत दाणा यांमुळेच. तांबेऱ्यापुढे मात्र तो दुबळा आहे. दुसरा उपाय म्हणजे उन्हातही तग धरणारा गहू. निफाडच्या संशोधन केंद्राने उशिराच्या पेरणीसाठी एनआयएडब्ल्यू ३४ दिला आणि नंतर वेळेवर व उशिरा, दोन्ही पेरण्यांसाठी फुले समाधान दिला. दोन्ही पेरण्यांत उत्पादन फारसे न ढळणारा वाण ही खानदेशासाठी विक्रमी उत्पादनापेक्षा मोठी गोष्ट आहे.

तीन प्रतींचा गहू

२०१८ मध्ये गव्हाच्या जनुकसंचाचा तपशीलवार नकाशा प्रसिद्ध झाला. त्याचा आकार माणसाच्या जनुकसंचाच्या पाचपट, जनुके एक लाखाहून अधिक. पोळीचा गहू तीन गवतांच्या नैसर्गिक संकरातून झाला, त्यामुळे बहुतेक जनुकांच्या त्याच्याकडे तीन प्रती असतात. एक बिघडली तरी उरलेल्या दोन काम रेटतात. म्हणून गव्हात चांगला बदलही लपून राहतो. जीडब्ल्यू२ नावाचे जनुक दाण्याच्या वाढीला लगाम घालते. त्याची एक प्रत बंद केली तर दाण्याचे वजन थोडेसेच वाढते. तिन्ही बंद केल्या तर वाढ वीस टक्क्यांपर्यंत गेल्याचे प्रयोगांत दिसले आहे.

वीस टक्के जड दाणा म्हणजे वीस टक्के जास्त उत्पादन नव्हे. मघाचा गुणाकार आठवा. दाणा जड झाला की ओंबीतले दाणे घटू शकतात. आणि शेवटची भरणी उन्हात सापडली तर मोठा दाणा मोठाच चिमतो. प्रयोगशाळेतल्या जनुकाला शेतातली कसोटी टळत नाही.

दर्जाचाही विचार हवा. उत्पादन वाढले की दाण्यातली प्रथिने बहुधा घटतात. खापरावर मांडा टाकणारी सुगरण कणीक हातांवर ताणत नेते, तेव्हा ती ग्लुटेनच्या प्रथिनांचीच परीक्षा घेत असते. तरीही दोन्हींचा मेळ घालता येतो. आघारकर संस्थेचा एमएसीएस ६४७८ हा वाण ११० दिवसांत तयार होतो, त्यात सुमारे १४ टक्के प्रथिने आहेत. सातारा जिल्ह्यातल्या करंजखोप गावात पूर्वी हेक्टरी २५ ते ३० क्विंटल काढणाऱ्या शेतकऱ्यांनी या वाणाचे ४५ ते ६० क्विंटल घेतले. पण हे साताऱ्यातले आकडे आहेत. धुळ्यात, कपाशीनंतर, डिसेंबरात ते किती येतील, याचे उत्तर धुळ्यातच मिळवावे लागेल.

मोजमापाची मराठी परंपरा

असे उत्तर मिळवायचे शास्त्र आपल्याच माणसांनी उभे केले आहे. वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे या दोघांनी कृषी संशोधनातल्या आकडेशास्त्राचा जो ग्रंथ लिहिला तो १९५४ मध्ये आला आणि देशभरच्या कृषी महाविद्यालयांत तो पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. पानसे मूळचे कापसाचे पैदासकार. थोड्या थोड्या वाट्याच्या जनुकांची निवड कशी करावी, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. आज तलाठी आणि कृषी सहायक ज्या पीक कापणी प्रयोगासाठी तुमच्या शेतात येतात, त्या पद्धतीची घडणही या दोघांच्या कामातून झाली. शेतातला चांगला कोपरा न निवडता चिठ्ठी टाकून जागा ठरवायची, म्हणजे मन फसवत नाही.

या शास्त्राचे सांगणे असे की शेतात दिसणाऱ्या उत्पादनातला आनुवंशिक भाग छोटा असतो आणि जमीन, पाणी, तारीख यांचा मोठा. दाण्याच्या वजनाची आनुवंशिकता पक्की, उत्पादनाची कच्ची. शिवाय वाण आणि ठिकाण यांचे आपसातले नाते असते. निफाडात पहिला आलेला वाण यावलात तिसरा येऊ शकतो. आता जनुकसंचातल्या हजारो खुणा वाचून रोपाची योग्यता आधीच वर्तवणारी जनुकीय निवड आली आहे. ती वर्षे वाचवेल, मला तिच्याबद्दल मोठी आशा आहे. पण ती शिकते शेतातल्या नोंदींवरून. ज्या मुलखाच्या नोंदी तिच्यात नाहीत, त्या मुलखासाठी तिचे भाकीत लंगडे राहते.

तांबेऱ्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण मिळवलेले उत्पादन तो पंधरा दिवसांत नेतो. आग्र्याचे शास्त्रज्ञ क. चं. मेहता यांनी दाखवले की मैदानातल्या उन्हाळ्यात तो तगत नाही, निलगिरी-पळणीच्या आणि हिमालयाच्या डोंगरांतून दर वर्षी वाऱ्याबरोबर खाली येतो. महाबळेश्वरच्या थंड हवेत आपले वाण त्याच्यापुढे तपासले जातात. आणि आपल्या खपली गव्हातले तांबेऱ्याला अडवणारे जनुक जगभरच्या पैदाशीत वापरले गेले. कमी पिकणाऱ्या जुन्या गव्हाला टाकाऊ समजू नका, असे सांगायला एवढा दाखला पुरेसा आहे.

काय करावे

कृषी विद्यापीठाला आणि शासनाला माझी विनंती आहे की जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत कपाशीनंतरच्या गव्हाच्या चाचण्या शेतकऱ्यांच्या रानात, ठिबकवर आणि पाटपाण्यावर, तीन वेगळ्या तारखांना घ्याव्यात. तिन्ही तारखांना टिकणारा वाण निवडावा, एका तारखेला सर्वांत वर गेलेला नव्हे. कपाशीचा लवकर मोकळा होणारा वाण आणि त्यामागून येणारा गहू यांची जोडी म्हणूनच शिफारस व्हावी. बन्सीचे जुने बियाणे कोणाच्या घरी असेल तर ते जनुकपेढीत जावे आणि रानातही राहावे.

शेतकरी बंधूंनो, गहू स्वपरागीत आहे. चांगल्या वाणाचे बी भेसळ टाळून तुम्ही दोन-तीन वर्षे घरचेच पेरू शकता, आणि २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने तो तुमचा हक्क मान्य केला आहे. उशीर झालाच तर दोन ओळींतले अंतर कमी करा, बियाणे हेक्टरी १०० ऐवजी १२५ किलो धरा. कमी झालेल्या फुटव्यांची भरपाई त्याने काही अंशी होते. मुकुटमुळांचे पाणी चुकवू नका.

विद्यार्थी मित्रांना मी एक काम सांगून जातो. येत्या रब्बीत प्रत्येकाने आपल्या गावातली पाच शेते धरावीत. पेरणी, निसवण आणि कापणी यांच्या तारखा लिहाव्यात, चौकटीतल्या ओंब्या मोजाव्यात, हजार दाणे तोलावेत आणि वाणाच्या नावासह ती वही कृषी महाविद्यालयात जमा करावी. ज्या नोंदींवाचून खानदेशासाठी वाण निवडणे अडते, त्या एका हंगामात अशा शेकडो जमतील. त्यांची छाननी करायला मी तुमच्यासोबत बसेन. गुरुजींच्या त्या दोन प्रश्नांचे उत्तर गावागावातून असे लिहून आले, तर पुढच्या दहा वर्षांत खानदेशाला स्वतःच्या थंडीला आणि स्वतःच्या उन्हाला साजेसा गहू मिळेल, याची मला खात्री आहे.